शिक्क्याचं रबर, कार्डाची माती

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शिक्का म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कचेरी उभी राहते. लाकडी मुठीचा गोल शिक्का, शेजारी पत्र्याच्या डबीतलं जांभळ्या शाईचं पॅड आणि तो शिक्का कधी एकदा उठतो याची वाट पाहणारी रांग. मराठीत शिक्क्याभोवती जमलेले शब्दप्रयोगही त्याच वळणाचे आहेत. निर्णय पक्का झाला की त्यावर शिक्कामोर्तब होतं. नावाला डाग लागला की शिक्का बसतो. आणि ज्याच्या हाती काहीच नाही, जो दुसऱ्याने ठरवलेल्या गोष्टीखाली मुकाट सही करतो, त्याला आपण सरळ रबर स्टॅम्प म्हणून मोकळे होतो.

शिक्कामोर्तब हा शब्द तर थेट जुन्या मराठी दफ्तरातला. पत्राच्या माथ्यावर मुद्रा उमटवायची आणि मजकूर जिथे संपला तिथे मोर्तब करायचं, म्हणजे त्याखाली मागाहून कुणाला एक ओळही घुसडता येऊ नये. थोडक्यात, शिक्क्याचं काम दार लावून घेण्याचं.

हेच दार लावणारं हत्यार विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतल्या घराघरांतल्या जेवणाच्या टेबलावर जाऊन बसलं आणि त्याने वाढदिवसाची, नाताळची, बारशाची, सांत्वनाची कार्डं तयार होऊ लागली. फुलं, पानं, पक्षी, केक, पत्रपेट्या, नक्षीदार अक्षरं, असे हजारो रबरी शिक्के. आणि ते उमटवायला हौशी मंडळींनी जे निरनिराळे कागद धुंडाळले, त्यांतला एक विशेष आवडता म्हणजे मातीचा लेप दिलेला गुळगुळीत पुठ्ठा. आपल्या छापखान्यांच्या भाषेत आर्ट पेपर किंवा आर्ट कार्ड. दिवाळी अंकात रंगीत चित्रांची जी चकचकीत पानं असतात, तीच जात, फक्त जाड.

'हाताने केलेलं कार्ड' असं आपण कौतुकाने म्हणतो. पण या कार्डात हात सर्वांत शेवटी येतो. त्याआधी रबराचा कारखाना येतो, मातीची खाण येते, रसायनांची प्रयोगशाळा येते, आणि त्या प्रत्येकाच्या मागे बरीच माणसं उभी असतात. त्यांतली काही श्रीमंत झाली, बरीचशी झाली नाहीत. त्यांचीच ही हकिकत आहे.

आधी रबर घेऊ. दक्षिण अमेरिकेतल्या झाडाचा हा चीक युरोपात पोचला तेव्हा त्याचं नेमकं काय करायचं हे कुणालाच कळेना. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने नोंदवून ठेवलं की याने शिसपेनीची रेघ छान पुसली जाते. घासून पुसणारं ते रबर, एवढीच त्या इंग्रजी नावाची व्युत्पत्ती. अडचण अशी की हा पदार्थ उन्हाळ्यात चिकट व्हायचा आणि थंडीत कडक होऊन तडकायचा. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने या एका प्रश्नापायी आयुष्य घालवलं. कर्जापायी तुरुंगात गेला, घरातलं सामान विकलं, आणि १८३९ मध्ये त्याला उत्तर सापडलं. रबरात गंधक मिसळून ते तापवलं की त्याचा चिकटपणा जातो आणि लवचीकपणा राहतो. १८४४ मध्ये त्याला अमेरिकन पेटंट मिळालं. इंग्लंडमध्ये मात्र थॉमस हॅनकॉकने त्याच्याआधीच अर्ज टाकला होता. १८६० मध्ये गुडइयर वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. त्याच्या नावाची टायरची जी कंपनी आपण ओळखतो ती १८९८ मध्ये दुसऱ्याच लोकांनी काढली. त्याच्या घरच्यांचा तिच्याशी संबंध नाही.

आता इथून शिक्क्याकडे यायचं तर वाटेत दाताचा डॉक्टर लागतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण रबरी शिक्क्याचा जन्म कवळीच्या पोटी झाला आहे.

रबरात गंधक थोडं घातलं तर ते लवचीक राहतं, भरपूर घातलं तर शिंगासारखं कडक होतं. या कडक रबराचा उपयोग कवळीची हिरडी करायला होतो हे लक्षात आल्यावर अमेरिकेतल्या दंतवैद्यांचा धंदाच बदलला. तोवर कवळी सोन्याच्या पत्र्यावर किंवा हस्तिदंतावर बसवली जायची, म्हणजे ती श्रीमंतांची गोष्ट. रबराने ती मध्यमवर्गाच्या तोंडात आली. त्यासाठी दंतवैद्याकडे एक छोटं जाड भांडं असायचं, झाकण घट्ट लावता येणारं, आपल्या प्रेशर कुकरचा थोरला भाऊच म्हणा. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा, त्यात रबर, आणि वाफेची उष्णता.

या व्यवसायात पैसा दिसला तशी एक कंपनीही उभी राहिली. गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनी असं तिचं नाव. तिच्याकडे पेटंट होतं आणि कवळीसाठी रबर वापरणाऱ्या प्रत्येक दंतवैद्याने परवान्याचे पैसे भरावेत असा तिचा आग्रह. जे भरत नसत त्यांच्यावर खटले. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन हा गावोगाव फिरून अशा डॉक्टरांना कोर्टात खेचायचा. सॅम्युएल चॅलफंट नावाचा दंतवैद्य त्याच्यापासून पळत एका शहरातून दुसऱ्या शहरात जात राहिला. शेवटी एप्रिल १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात त्याने बेकनवर गोळी झाडली. बेकन मेला, चॅलफंट तुरुंगात गेला, आणि दोनच वर्षांनी, १८८१ मध्ये, त्या पेटंटची मुदत संपली. कवळीच्या रबरावरून माणसाचा खून पडला, हे वाचताना मला अजूनही नवल वाटतं.

रबरी शिक्का कुणी पहिल्यांदा केला यावर अमेरिकेत बरेच दावे झाले. काळ मात्र निश्चित आहे, १८६० चं दशक. सर्वांत जास्त सांगितली जाणारी हकिकत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावच्या जेम्स वुड्रफची. कपडे धुण्याच्या टबांच्या एका कारखान्यात टबाच्या गोलाकार पाठीवर नाव छापलेलं त्याने पाहिलं. लाकडी किंवा धातूचा सपाट ठसा अशा वक्र पाठीवर बसत नाही. तिथे रबराची अक्षरं वापरली होती. अक्षरं रबराची होऊ शकतात तर अख्खा ठसाच का नाही, असा विचार त्याच्या मनात आला. त्याचे काका दंतवैद्य होते आणि त्यांच्याकडे ते भांडं होतं. पुढचं सांगायला नको. सुरुवातीच्या कित्येक शिक्केवाल्यांनी दंतवैद्याचीच भांडी वापरली.

पद्धत अशी होती. छापखान्यातले शिशाचे खिळे जुळवून मजकूर बांधायचा. त्यावर ओलं प्लास्टर दाबून उलटा साचा घ्यायचा. साच्यावर गंधक मिसळलेलं कच्चं रबर ठेवून दाब आणि उष्णता द्यायची. थंड झालं की रबराचं पान सोलून काढायचं, कात्रीने कापायचं आणि लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवायचं. आपल्याकडच्या शिक्केवाल्यांच्या दुकानांतही खिळे जुळवून शिक्के करण्याची ही रीत वर्षानुवर्षं चालली. पुढे फोटोपॉलिमर आलं, लेसर आला आणि खिळ्यांच्या पेट्या भंगारात गेल्या.

शाईचं थोडक्यात सांगतो. १८५६ मध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा लंडनमध्ये हिवतापावरचं क्विनीन डांबरापासून बनवू पाहत होता. क्विनीन झालं नाही, भांड्याच्या तळाशी जांभळा रंग मिळाला. त्यातून कृत्रिम रंगांचं सगळं कुटुंब निघालं, आणि त्याच घराण्यातला मिथाइल व्हायोलेट ग्लिसरिनमध्ये कालवून स्टॅम्प पॅडवर आला. ग्लिसरिन हवेतला ओलावा धरून ठेवतं, म्हणून पॅड लवकर वाळत नाही. जगभरच्या सरकारी शिक्क्यांचा तो ओळखीचा जांभळा रंग इथला.

पण रबराचा विषय इथेच सोडला तर ते अर्धसत्य होईल. सुरुवातीचं बरंचसं रबर ब्राझीलच्या जंगलांतून यायचं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने तिथून सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या. त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास उगवल्या. ती रोपं श्रीलंकेला आणि सिंगापूरला गेली, आणि आशियातल्या रबर मळ्यांचा वंश तिथून सुरू झाला. आपल्याकडे केरळात पेरियार नदीकाठी थट्टेकाड इथे १९०२ मध्ये पहिली व्यापारी लागवड झाली.

हे मळे हाती येईपर्यंतची मधली वर्षं भयंकर होती. १८८८ मध्ये डनलॉपचं हवा भरलेलं टायर आलं, सायकलींची लाट आली, मागून मोटारी आल्या, आणि रबराची मागणी भडकली. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीच्या काँगोमध्ये, १८८५ ते १९०८ या काळात, गावागावांवर रानातल्या वेलींचा चीक आणण्याची सक्ती होती. ठरल्याएवढा चीक भरला नाही तर बायकांना ओलीस धरलं जायचं, हात तोडले जायचे. ॲलिस सीली हॅरिस या इंग्रज मिशनरी बाईंनी १९०४ मध्ये काढलेल्या एका छायाचित्रात एक बाप बसला आहे आणि त्याच्यापुढे त्याच्या लहानग्या मुलीचा तोडलेला हात आणि पाऊल ठेवलं आहे. अशी छायाचित्रं मॅजिक लँटर्नवर गावोगाव दाखवली गेली, ई. डी. मोरेलसारख्यांनी चळवळ उभारली आणि १९०८ मध्ये काँगो राजाच्या हातून काढून घेण्यात आला. शिक्क्याला लागणारं रबर टायरच्या मानाने चिमूटभर. तरीही त्या काळातल्या बाजारात चीक कुठल्या रानातून आला हे रबराच्या तुकड्याकडे पाहून कुणालाही सांगता आलं नसतं.

आता माती. केओलिन हे तिचं नाव चीनमधल्या गावलिंग या डोंगराच्या नावावरून आलं, गावलिंग म्हणजे उंच कडा. पोर्सेलीनसाठी प्रसिद्ध असलेल्या जिंगदेझेन शहराजवळचा हा डोंगर. फादर दांत्रकोल या फ्रेंच जेझुइटाने १७१२ आणि १७२२ मध्ये तिथून पत्रं लिहून पोर्सेलीनची कृती युरोपला कळवली. इंग्लंडमध्ये प्लिमथचा औषधविक्रेता विल्यम कुकवर्दी याला १७४६ च्या सुमारास कॉर्नवॉलमधल्या ट्रेगॉनिंग टेकडीवर तशीच पांढरी माती सापडली. मग सेंट ऑस्टेलच्या आसपास खाणी निघाल्या. डोंगराच्या कड्यावर पाण्याचा झोत मारायचा, पांढरं दूध वाहत खाली यायचं, वाळू मागे राहायची. मातीपेक्षा ही वाळू कित्येक पट जास्त. तिचे पांढरे सुळके इतके उंच झाले की लोक त्यांना कॉर्नवॉलचे आल्प्स म्हणू लागले.

खाणी निघाल्या त्या कपबशांसाठी. पण विसाव्या शतकात कॉर्नवॉलच्या मातीचं मोठं गिऱ्हाईक कागदाचा कारखाना हे होतं. कपात असते त्याहून जास्त माती मासिकांत गेली, असं म्हटलं तरी चालेल.

कागदाला माती कशासाठी? साधा कागद भिंगाखाली धरला तर तो गवताच्या गंजीसारखा दिसतो. तंतू, तंतूंमध्ये फटी, फटींत फटी. त्यावर शाईचा थेंब टाकला की तो तंतूंच्या वाटेने पळतो आणि कडा पिसारते. केओलिनचे कण चपटे असतात, बारीक पापुद्र्यांसारखे. लेपासाठी वापरायच्या मातीतले बहुतेक कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान. खळ घालून ही माती कागदावर सारवली की पापुद्रे एकमेकांवर कौलांसारखे बसतात आणि फटी बुजतात. आपल्या घरची जमीन शेणाने सारवणाऱ्या बाईला हे तत्त्व वेगळं समजावून सांगायची गरज नाही. खळ म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुधातलं केसीन वापरात आलं, पुढे पिष्ठ आणि कृत्रिम खळी आल्या.

कागदाला लेप द्यायची कल्पना मात्र त्याहून जुनी. जॉर्ज कमिंग्सने १७६४ मध्येच इंग्लंडमध्ये तसं पेटंट घेतलं होतं, पण त्यात शिशाचा सफेदा होता. १८४० नंतर बेल्जियममध्ये 'पोर्सेलीन कार्डं' नावाची अतिशय देखणी व्यापारी कार्डं निघाली. दुकानदारांची, हॉटेलांची, सोनेरी-निळ्या छपाईची, हाताला काचेसारखी लागणारी. त्यांचा तो पांढरा तकतकीत पृष्ठभाग शिशाचा होता, आणि त्याची धूळ ती बनवणाऱ्या कामगारांच्या पोटात जात होती. १८६० च्या दशकात ही कार्डं मागे पडली. आज ती संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. पाहणारा सौंदर्यावर खूश होतो, हाताळणाऱ्याने मात्र हात धुवावेत.

मातीच्या लेपाला खरा भाव आला तो हाफटोन ब्लॉकमुळे. छायाचित्राचे बारीक ठिपके करून ते छापण्याची ही युक्ती १८८० च्या दशकात रूढ झाली. खरबरीत कागद ते ठिपके गिळून टाकायचा. त्याच सुमारास अमेरिकेतल्या कारखान्यांनी दोन्ही बाजूंना लेप दिलेला कागद सचित्र मासिकांसाठी काढला. पुढे १९३० च्या दशकात ओहायो राज्यातल्या हॅमिल्टनच्या चॅम्पियन कंपनीने एक पाऊल पुढे टाकलं. लेप ओला असतानाच तो कागद तापवलेल्या, आरशासारख्या चकचकीत क्रोमियमच्या पिंपावर दाबायचा. सुटून येतो तेव्हा पिंपाची तकाकी कागदावर उतरलेली असते. क्रोमकोट हे त्या पुठ्ठ्याचं नाव. हौशी शिक्केवाल्यांच्या बोलण्यात हे नाव पुढे फार आलं.

म्हणजे हा गुळगुळीतपणा हातासाठी नव्हताच. यंत्राचा ठिपका नीट उमटावा म्हणून माणसाने कागदाची कागदपणाची ओळख पुसून टाकली, आणि शंभर वर्षांनी हातानेच ठसे उमटवणारे लोक तो कागद मागायला दुकानात आले.

मध्ये कार्डाचं काय झालं तेही पाहायला हवं. इंग्लंडमध्ये १८४० मध्ये एका पेनीत पत्र कुठेही जाऊ लागलं. त्या सुधारणेसाठी खटपट केलेल्यांपैकी एक हेन्री कोल. १८४३ च्या नाताळात इतक्या लोकांना पत्रं लिहिणार कशी, म्हणून त्याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या हजार प्रती छापल्या. रंग हाताने भरले. चित्रात अख्खं कुटुंब, लेकरांसकट, दारूचे पेले हातात घेऊन बसलेलं असल्याने दारूबंदीवाले खवळले. पहिलं नाताळ कार्ड निघालं तेच मुळी पत्र लिहायचा कंटाळा म्हणून, हे कार्डप्रेमींनी मनावर घेऊ नये.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावी एस्थर हाउलंड या तरुणीला १८४७ मध्ये इंग्लंडहून आलेलं एक व्हॅलेंटाइन कार्ड पाहायला मिळालं. वडिलांचं कागद-वह्यांचं दुकान होतं. तिने कागदी लेस, रंगीत चित्रं मागवून काही नमुने केले आणि फिरतीवर जाणाऱ्या भावाच्या पेटीत ठेवले. दोनशे डॉलरची ऑर्डर आली तरी पुष्कळ असं तिला वाटत होतं, आल्या पाच हजारांच्या, असं सांगतात. मग घरातच टेबल मांडलं. एक मुलगी चित्रं कापणार, दुसरी लेस चिकटवणार, तिसरी रेशमाचा तुकडा बसवणार. कार्ड हाताने केलेलंच, पण कुठल्याही एका हाताने केलेलं नाही. फोर्डची मोटार जुळवायची पट्टी यायला अजून साठ वर्षांहून जास्त अवकाश होता.

त्यानंतर बोस्टनच्या लुई प्रांगने १८७० च्या दशकात शिळाछापाने बहुरंगी नाताळ कार्डं काढली. मग स्वस्त जर्मन कार्डांनी त्याला बाजारातून उठवलं. १९१० मध्ये जॉइस हॉल नावाचा अठरा वर्षांचा मुलगा बुटांच्या खोक्यांत पोस्टकार्डं भरून कॅन्सस सिटीला आला. त्यातून हॉलमार्क उभी राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत माया, दुःख, अभिनंदन, सगळंच छापून मिळू लागलं होतं. पाठवणाऱ्याने फक्त सही करायची.

म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर पाठवणारा रबर स्टॅम्प झाला होता.

रबरी शिक्का कचेरीबाहेर काढण्याचं श्रेय चित्रकारांना जातं. जर्मनीत कुर्ट श्विटर्सने १९१९ मध्ये कचेरीतले शिक्के वेडेवाकडे मारून त्यांची चित्रं केली. पन्नाशीच्या दशकात फ्रान्समध्ये आर्मानने कागदच्या कागद शिक्क्यांनी भरून टाकले. न्यूयॉर्कच्या रे जॉन्सनने साठच्या दशकात टपालालाच प्रदर्शनाचं दालन बनवलं. पाकिटांवर स्वतःच केलेले खोटे, थट्टेखोर शिक्के. त्याच काळात पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटींत शिक्का ही सरकारची चीज होती. तिथले कलाकार खोडरबर कोरून आपले शिक्के बनवत आणि टपालातून बाहेर पाठवत. आपली मुलं शाळेत भेंडी कापून ठसे उमटवतात, तितकंच निरागस दिसणारं हे काम. पण अधिकाऱ्यांना त्यातली खोच कळायची. शिक्का ज्याच्या हाती, हुकूम त्याचा, हे समीकरण त्या खोडरबराने मोडलं होतं.

हौशी मंडळींपर्यंत हे लोण पोचलं ते १९७८ मध्ये. जोनी मिलर आणि लोरी थॉम्पसन यांचं 'द रबर स्टॅम्प अल्बम' हे पुस्तक त्या वर्षी आलं. शिक्क्यांचा इतिहास, शिक्के कुठे मिळतात, त्यांनी काय काय करता येतं, सगळं त्यात होतं. १९८० मध्ये 'रबरस्टॅम्पमॅडनेस' नावाचं नियतकालिक निघालं, नावातच वेड. मग चित्रांचे शिक्के बनवणाऱ्या छोट्या घरगुती कंपन्या निघाल्या, जत्रा भरू लागल्या. १९८८ मध्ये दोन बहिणींनी सुरू केलेल्या स्टॅम्पिन अप या कंपनीने दुकानाऐवजी बायकांच्या घरगुती बैठकांतून शिक्के विकले. आपल्या हळदीकुंकवासारखंच, फक्त वाणाऐवजी वहीभर नमुने.

यातल्या बहुतेक जणींनी चित्रकला शिकलेली नव्हती. मला यातलं महत्त्वाचं हेच वाटतं. चित्र काढता येत नाही म्हणून आयुष्यभर छापील कार्ड विकत घेणाऱ्या बाईला शिक्क्याने रेषा दिली. ती रेषा दुसऱ्याची आहे, हजारोंनी विकली गेली आहे, अशी टीका झाली आणि ती खोटीही नाही. पण ती कुठे मारायची, कुठल्या रंगात, कितीदा, तिच्या शेजारी काय, हे सगळं तिचं. खिळेही छापखान्यात सगळ्यांना सारखेच असतात.

आणि गुळगुळीत पुठ्ठा इथे स्वतःचा हट्ट घेऊन उभा राहतो. साध्या कागदावर रबर थोडं इकडेतिकडे झालं तरी कागद पोटात घालतो. मातीच्या लेपावर रबर घसरतं. शिक्का सरळ खाली, सरळ वर. मनगट जरा डुललं की दोन रेषा. दाब जास्त झाला तर शाई कडेला पळते. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई या पुठ्ठ्यावर झळझळीत दिसते, कारण रंग तंतूंत बुडत नाही, वरच्यावर राहतो. ग्लिसरिनमध्ये कालवलेल्या दाट शाईचं मात्र उलट. तिला आत जायला वाट नसते आणि हवेत ती वाळत नाही. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तरी फुलाचा पक्षी होतो.

या अडचणीतूनच एक युक्ती लोकप्रिय झाली. शाई ओली आहे तोवर तिच्यावर राळेसारख्या पदार्थाची बारीक भुकटी पेरायची, जास्तीची झटकून टाकायची आणि कार्ड तापवायचं. भुकटी वितळते, शाईला झाकते आणि थंड झाल्यावर रेघ वर उचलल्यासारखी चकाकते. लग्नपत्रिकेवरची फुगीर अक्षरं याच तत्त्वाची. त्यासाठीची उष्ण हवेची बंदूक बाजारात येण्याआधी मंडळी टोस्टरवर, इस्त्रीवर, विजेच्या दिव्यावर कार्डं धरत. किती कार्डं जळाली याची मोजदाद कुणी ठेवली नाही. दुसऱ्या युक्तीत कापसाचा बोळा अल्कोहोलमध्ये आणि रंगात बुडवून पुठ्ठ्यावर टिपायचा. रंग पसरायला जागा शोधतो, लेप त्याला आत घेत नाही, आणि पॉलिश केलेल्या दगडावरच्या शिरांसारखी नक्षी उमटते. ती पुन्हा तशीच कधीच येत नाही. वर काळ्या शाईने शिक्का मारला की डोंगर, झाड, होडी जे हवं ते.

घडी हाही एक त्रासच. लेप म्हणजे अखेर वाळलेली माती. जाड पुठ्ठा सरळ दुमडला तर घडीवर ती तडकते आणि आतला कागद दात विचकतो. म्हणून आधी बोथट हत्याराने घडीची रेघ दाबून घ्यायची, तीही कागदाच्या तंतूंच्या दिशेने. बांधणीवाल्याला हे पाठ असतं. ते या बायकांनी आपापल्या टेबलावर, कार्डं फुकट घालवत शिकून घेतलं.

तिकडे सेंट ऑस्टेलचं काय झालं? मातीच्या धंद्याला उतरती कळा लागली, ब्राझीलची आणि अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याची माती बाजारात पुढे सरकली. बोडेल्व्हा इथल्या एका रिकाम्या झालेल्या मातीच्या खाणीत २००१ मध्ये ईडन प्रोजेक्ट हे प्रचंड घुमटांचं उद्यान उघडलं. त्यातल्या सर्वांत मोठ्या, दमट घुमटात उष्ण कटिबंधातली जी झाडं लावली आहेत, त्यांत रबराचंही झाड आहे.

कार्डांच्या पुठ्ठ्याला पुष्कळदा एकाच बाजूने लेप असतो, कारण चकचकीत बाजूवर पेन नीट चालत नाही. शिक्का पुढे, मजकूर मागे. आणि त्या मागच्या कोऱ्या बाजूवर, अगदी खाली, कितीतरी हौशी कार्डवाल्या आणखी एक छोटा शिक्का मारतात. दुकानात तयार मिळतो तो, रबराचाच. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की हे कार्ड हाताने केलं आहे, आणि पुढे नावासाठी जागा मोकळी सोडलेली असते.